मारुतीआळीतली दवंडी

या, असे जवळ येऊन बसा. खांबाला टेकलेल्या मंडळींनीही जरा पुढे सरकावं; आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. संतांची चरित्रं आपण नेहमीच ऐकतो. आज एका दवंडीवाल्याचं ऐका. तो कुणी संत नव्हता, म्युनिसिपालटीचा शिपाई होता. ऐकून झालं की त्याला कोणत्या ओळीत बसवायचं ते तुम्हीच ठरवा.

चैत्रातली दुपार होती. वाघबंदरच्या मारुतीआळीच्या तोंडाशी तुळशीराम घाम पुसत उभा होता. डोक्याला लाल पागोटं, छातीवर पितळी बिल्ला, एका हातात थाळी आणि दुसऱ्या हातात ती वाजवायची टिपरी. सकाळपासून अकरा आळ्या झाल्या होत्या. घसा पार बसला होता, तरी हुकूम शब्दाला शब्द पाठ होता : देवाच्या विहिरीचं पाणी पंधरा दिवस कुणी काढू नये, पिऊ नये; दुसऱ्या विहिरीचंही उकळल्याशिवाय तोंडाला लावू नये.

खालच्या पाड्यात पटकीचे चार रोगी निघाले होते, आणि त्यांच्या घरचं धुणं देवाच्या विहिरीच्या काठावर झालं होतं. विहिरीत टाकायचं औषध मुंबईहून रेवसच्या लाँचीने यायचं होतं, ते परवा. सकाळी इन्स्पेक्टरसाहेब बजावून गेले होते, "तुळशीराम, पेटी येईपर्यंत तुझी थाळी हेच औषध. एक घर सुटता कामा नये."

आता बारावी आळी राहिली होती, आणि विहीर होती ती नेमकी याच आळीत, देवळाच्या मागे.

पण आळीत सप्ताह उभा होता. हनुमान जयंतीचा. वाघबंदरात एक रीत होती. सात दिवस वीणा खाली टेकत नाही, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. आणि ती उभी आहे तोवर आळीत दुसरा नाद करायचा नाही. लग्नाची वरात मागच्या रस्त्याने जाई. पाववाला हाक न मारता दारोदार फिरे. बायका उखळाला हात लावत नसत. आठ दिवसांचं कांडण आधीच करून ठेवीत. दवंडीवाल्याने थाळी काखेत धरायची, वहाणा हातात घ्यायच्या, पहिल्या घराला हळूच काय ते सांगायचं आणि मागे फिरायचं. मग पहिल्या घराने ते आळीभर पोचवायचं. तुळशीरामाच्या अठरा वर्षांच्या नोकरीत असं कितीदा तरी झालं होतं. कधी घरपट्टीची मुदत, कधी देवीची टोचणी. कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्याने टिपरी उचलली. देवळातून बुवांचा आवाज आला. चौलाकडचे बुवा होते, गळा असा की पिंडीवरची धार. सुदाम्याचं आख्यान लागलं होतं. पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवून बिचारा द्वारकेच्या दाराशी उभा होता, आणि मागे ती वीणा, एकच सूर धरून. तुळशीराम स्वतः दर वर्षी पहाटेचा पहारा करी. वीणा खांद्यावर घेतली की घोट्यापर्यंत अंग कसं हलकं होतं, ते त्याला ठाऊक होतं. त्या सुरावर पितळ बडवायचं?

हात खाली आला.

मंडळी, त्याला हसू नका. तुमचा-माझा तरी उठला असता का?

पहिलं घर त्याच्या विहिणीचं होतं, ठमाबाईचं. तुळशीरामाची एकुलती एक लेक काशी तिथेच दिलेली. जावई हिरामण पेणकडे मिठागरावर होता. ठमाबाई धुवट लुगडं नेसून, हातात फुलांची परडी घेऊन देवळात निघाली होती.

"या व्याहीबुवा! आज थाळी मुकी वाटतं?"

"विहीणबाई, चेष्टा र्‍हाऊ द्या. हुकूम हाय. पाड्यात पटकी लागलीय. देवाच्या इहिरीचं पानी बंद. थेंबसुदीक न्हाय घ्यायचं. घरोघर सांगा."

"अगो बाई! देवाच्या इहिरीचं?"

"देवाच्याच. आत्ताच्या आत्ता सांगा."

"सांगते की. बुवांचं आता आटपतच आलंय, समदी आळी देवळातच बसलीय. उठता उठता एकदाच सांगते, कशाला दारोदार फिरू?" मग तिने आत मान वळवली. "काशी पोरीला घिऊन पडलीय. उठवू? बापाला बघून बरं वाटंल तिला."

तुळशीरामाने दारातून डोकावून पाहिलं. लेक कुशीवर निजली होती. सहा महिन्यांची मैना तिच्या पोटाशी होती, पिऊन पिऊन तिथेच झोपलेली.

"नको," तो म्हणाला. "निजू दे. रातभर जागवत असंल पोर."

आणि थाळी काखेत धरून तो मागे फिरला.

ठमाबाई वाईट बाई नव्हती. देवळात गेली ती सांगायचं मनात धरूनच गेली. पण सुदामा महालात शिरला, देवाने उठून त्याचे पाय धुतले, आणि सगळं देऊळ रडू लागलं. तीही रडली. आख्यान संपलं ते आरतीत, आरती संपली ती प्रसादात, पुढे पंगतीला वाढायला हात कमी पडले. पंगतीचं पाणी विहिरीवरून आलं. डोळे भरून, मन भरून ती दिवेलागणीला घरी आली. तुळशीरामाचा निरोप तिला आठवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारातून येणारी कोळीण दारात टोपली टेकून म्हणाली तेव्हा, "काय गो, तुमच्या आलीची इहीर बंद केलीन ना?"

तोवर काशी दुपारची उठून, तान्ह्या पोराची आई ती, तहानेने कासावीस होऊन दोन तांबे पाणी प्यायली होती. कळशी तिनेच भरून आणली होती.

तिसऱ्या दिवशी औषधाची पेटी आली आणि त्याच दिवशी काशीला उलट्या सुरू झाल्या. तुळशीराम पोचला तेव्हा लेकीचे डोळे खोल गेले होते. बोटं न्हाणीत फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतली होती. "बाबा, पोरीला माझ्यापासनं लांब ठेवा," एवढंच ती नीट बोलली. संध्याकाळी गेली. एकोणीस वर्षांची होती. हिरामण पेणहून पोचला तेव्हा राख सावडायचीच राहिली होती.

मारुतीआळीतली पाच माणसं गेली. मैनाला काही झालं नाही. तिने आईच्या दुधाशिवाय काही घेतलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी म्युनिसिपालटीच्या सभागृहात चौकशी बसली. अध्यक्षसाहेब मध्ये, दोन्ही बाजूंना सभासद, आणि टेबलाच्या कोपऱ्याला हेडक्लार्क दत्तोपंत दौत-टाक घेऊन. मागच्या बाकांवर आळीतली माणसं खच्चून भरली होती. दाराजवळ बायकांत ठमाबाई होती, मैनाला मांडीवर घेऊन.

"तुळशीराम," अध्यक्षांनी विचारलं, "हुकमाप्रमाणे मारुतीआळीत दवंडी पिटलीस?"

"न्हाय साहेब."

"कारण?"

"सप्त्याची वीणा उभी हुती."

बाकांवर कुजबूज झाली. एक सभासद मारुतीआळीतलेच होते. त्यांची म्हातारी आई गेली होती. ते उभे राहिले.

"वीणेची रीत आम्हीच घातलेली आहे, त्याबद्दल मी याला दोष देत नाही. पण पहिल्या घराला सांगायचीही रीत आहे. दर वेळी सांगतोस. या वेळी सांगितलंस की नाही, एवढंच बोल. सांगितलं असशील, तर दोष तुझ्याकडे राहत नाही."

दत्तोपंतांचा टाक कागदावर कुरकुरत होता. दाराजवळ ठमाबाई हळूहळू उठून उभी राहिली. तुळशीरामाला ती दिसली. तिच्या कडेवरची पोर दिसली.

"म्या कुनाला सांगितलं न्हाय," तो म्हणाला.

"नीट आठव. अठरा वर्षांची नोकरी आहे तुझी."

"आठवून सांगतो साहेब. पहिल्या घराला बी न्हाय. बुवांचं कीर्तन आयकत उभा र्‍हायलो आनि तसाच मागं फिरलो."

मागून कुणीतरी ओरडलं, "पोटची लेक मारलीस, चांडाळा!" दुसरा म्हणाला, "कीर्तन आयकत हुता म्हनं!" तुळशीरामाने मान खाली घातली, ती सभा उठेपर्यंत वर केली नाही.

ठराव दोन झाले. एक, शिपाई तुळशीराम यास मारुतीआळीत दवंडी न पिटता कामात हयगय केल्याबद्दल, व त्यापायी पाच माणसं दगावल्याबद्दल, उद्यापासून नोकरीवरून कमी करण्यात येत आहे. दोन, यापुढे सप्ताह असो, लग्न असो की मयत, म्युनिसिपालटीची दवंडी प्रत्येक आळीत वाजवूनच दिली जाईल.

गर्दी पांगल्यावर दत्तोपंत त्याच्याजवळ आले. चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

"तुळशीराम, कसं सांगू तुला... ठराव आजच गावात जाहीर करायचे आहेत. दुसरा माणूस अजून नेमलेला नाही, आणि तुझी नोकरी उद्यापासून जाते. म्हणजे आजची दवंडी..."

"माझीच," तुळशीराम म्हणाला. "द्या, मसुदा वाचून दावा. पाठ करतो."

"दोन्ही ठराव आहेत रे त्यात. तुझं नाव घालून."

"वाचा पंत."

दोनदा ऐकून त्याने मसुदा पाठ केला आणि थाळी घेऊन पायऱ्या उतरला. खाली ठमाबाई उभी होती.

"व्याहीबुवा, खोटं का बोललात?"

तो थाळी काखेत सारून पुढे निघाला. ती आडवी आली.

"माझं नाव का न्हाय घेतलंत? माझ्या जिभेवर आलं हुतं, पन पाय म्हनून हलंना. मीच खाल्ली तुमची काशी. मीच."

"हळू बोला."

"का हळू? आता जाते आनि साहेबाला सांगते."

"सांगून काय हुईल?" तुळशीरामाचा आवाज बसलेलाच होता. "माझी नोकरी र्‍हाईल. आनि ही पोर? हिला आळीतनं हिंडायचंय, पानी आनायचंय, उद्या सोयरीक जुळवायचीय. जो तो बोट दावून सांगंल, हिच्या आजीनं हिची आय मारली. मंग ही तुमच्या हातचा घास खाईल का? हिला आय न्हाय आता. आजी तरी र्‍हाऊ दे."

"माझ्याच्यानं सोसत न्हाय वो!"

"सोसा," तो म्हणाला. "पोर मोठी हुईस्तवर सोसा. माझं मी बघतो." त्याने मैनाच्या पायाला बोट लावलं. पोरीने ते घट्ट धरलं. जरा थांबून त्याने ते हलकेच सोडवून घेतलं आणि वाटेला लागला.

मसुद्यात आळ्यांचा क्रम लिहिलेला होता. त्यात मारुतीआळी पहिली होती.

ऊन उतरलं होतं. आळीच्या तोंडाशी तुळशीरामाने या वेळी वहाणा काढल्या नाहीत. तो सरळ आत शिरला आणि टिपरी मारली. पाच घरांत सुतक नुकतंच फिटलं होतं. सगळी दारं उघडली. ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली. कुणी थुंकलं, कुणी तोंड फिरवलं.

"ऐका हो! म्युनिसिपालटीचा ठराव!" बसलेला घसा होता तेवढा त्याने ताणला. "शिपाई तुळशीराम यानं, मारुतीआळीत दवंडी न पिटता, कामात हयगय केली! त्या हयगयीपायी पाच मानसं दगावली! सबब त्याला नोकरीवरनं कमी केलंय हो!"

एक अक्षरही गाळलं नाही. हयगय आली तिथे हयगय म्हटलं, पाच आले तिथे पाच. स्वतःचं नाव घेताना आवाज जितका लावला तितकाच पुढच्या ओळीला लावला.

इतक्यात पहिल्या घराच्या ओट्यावरून ठमाबाई खाली उतरली. मैना कडेवर होती. बाईचा चेहरा असा झाला होता की आता बांध राहत नाही. आळीच्या मधोमध येऊन तिने हात वर केला.

"आयका! आयका सगळेजन! या मानसानं मला—"

तुळशीरामाने थाळीवर टिपरी हाणली.

"मला त्या दिशी—"

पुन्हा हाणली. मग थांबलाच नाही. ज्या आळीत अठरा वर्षांत भर सप्त्यात एक टोल त्याने दिला नव्हता, तिथे तो आता थाळी फुटेलशी बडवत होता. कावळे उडाले, पोरं रडू लागली. माणसांनी कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, याचं डोकं फिरलं. ठमाबाईचे ओठ हलत होते. तो तिच्याकडे बघत होता, घामाने डोळे भरले होते, आणि हात चालू होता. तिचे ओठ हलायचे थांबेपर्यंत चालू होता.

शेवटी ती रस्त्यातच खाली बसली. आवाजाला भ्यालेल्या मैनाने तिच्या मानेला मिठी मारली होती. ठमाबाईने पदर पोरीच्या कानांवर ओढला आणि तिला छातीशी धरून थोपटू लागली.

मग तुळशीरामाने टिपरी खाली केली, दम घेतला, आणि दुसरा ठराव सांगायला तो पुढच्या घरापाशी गेला.

गोष्ट एवढीच. वाघबंदरात पुढे कितीतरी वर्षं लोक त्याला लेकीचा मारेकरीच म्हणत आले, आणि तो ते ऐकून घेत आला. पहाटेचा पहाराही त्याला पुन्हा कुणी दिला नाही. मंडळी, तुम्ही मायाळू आहात, भाविक आहात. माझं एकच मागणं आहे. हात जोडून उठताना देवाच्या नावापाठोपाठ मनातल्या मनात या तुळशीरामाचंही नाव घ्या. मोठ्याने घेऊ नका. त्याला ते आवडायचं नाही.