खिळ्याला बांधलेला ओळंबा

"फिरला! फिरला!" अंगणात एकच गलका उडाला. महाराजांच्या चिमटीतल्या दोऱ्याला लटकलेला पितळी गोळा, आडव्या झालेल्या बाईच्या उजव्या कमरेवर गरगरत होता. डावीकडे आला की गप्प.

"ही बाजू रिकामी," महाराज डोळे मिटून म्हणाले. "भावाला मूत्रपिंड दिलंस ना? मूल त्याच वाटेनं निघून जातं. मागचं गेलं, हेही जाईल. दवाखाना बंद, गोळ्या बंद. माझं पाणी पी."

सासूनं हात जोडले. मागे एक गवंडी उभा होता. मूत्रपिंड मिळालेला भाऊ तो हाच. ताईमुळे तो जिवंत होता, आणि सहाव्या महिन्यात तिची मुलगी पोटातच गेल्यापासून आपणच भाचीला खाल्लं, हे त्याच्या मनात घर करून बसलं होतं. आता ताईला पुन्हा दिवस गेले होते, तिसरा महिना होता.

पण गोळा पाहून त्याचं डोकं ताळ्यावर आलं. दोऱ्याला असाच गोळा बांधून भिंत सरळ आहे का पाहायचं, त्या ओळंब्यावर तर त्याचं पोट! नुसता हातात धरला की तो डुलणारच.

"महाराज, ताईचं मूत्रपिंड माझ्यात कुठे बसलंय सांगा," म्हणत तो आडवा झाला. गोळा डाव्या कमरेवर गरगरला.

"इथेच!"

त्यानं सदरा वर केला. व्रण पुढे, उजव्या ओटीपोटावर. "डॉक्टरांनी इथे बसवलंय. जुनी दोन्ही मागे तशीच आहेत. माझ्यात तीन आहेत, महाराज!"

लोक फिस्सकन हसले. त्यानं दोरा दारावरच्या खिळ्याला बांधला. गोळ्याखाली ताई झोपली, तो झोपला, शेवटी सासूबाईही झोपल्या. गोळा जागचा हलेना. सगळी करामत महाराजांच्या बोटांची होती.

"अविश्वासानं शक्ती जाते," महाराज पुटपुटले. शक्ती गेली, पाठोपाठ तेही गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईच्या दंडाला पट्टा बांधला. "एका मूत्रपिंडावरही मूल नीट होतं. रक्तदाब चढण्याचा धोका जरा जास्त, म्हणून तो वरचेवर मोजायचा, लघवी तपासायची. मागे पाय सुजले, डोकं ठणकलं, तेव्हा का नाही आलात?"

"महाराज म्हणाले, पायांत कृपा उतरलीय." ताई म्हणाली. "तेव्हा आले असते तर?"

"बहुधा वाचली असती."

ताईनं भावाचा हात धरला. "ऐकलंस? तुझ्यापायी नाही गेली ती." त्याला हुंदका फुटला. मग ती हळूच म्हणाली, "मी त्या महाराजाचं ऐकलं म्हणून गेली."

"तुला घरच्यांनी ऐकायला लावलं, ताई."

ताईनं डॉक्टरीणबाईंना पुढच्या तपासणीची तारीख विचारली.

बाबांनो, पोटुशी बाईचे पाय सुजले, डोकं ठणकलं, तर कुणाचा कौल घेत बसू नका, तिला डॉक्टरकडे न्या. ताईच्या त्या गेलेल्या पोरीचं नाव ठेवायचंही राहून गेलं.