धसकटातली आग

खतावरचं अनुदान कमी करून ते काडीकचरा न जाळणाऱ्यांना द्यायचं, अशी नवी योजना आली. तिच्यातलं एक कलम तपासनीस बाईंनी स्वतः लिहिलं होतं: शेतात राख दिसली की अर्ज बाद, सबब चालणार नाही. वीस वर्षांच्या नोकरीत सबबी ऐकून त्यांचे कान किटले होते.

आज त्या योजनेत अर्ज केलेल्या एका काकूंच्या बांधावर उभ्या होत्या. गावात योजनेला पहिला होकार काकूंचा. गव्हाची धसकटं न जाळता त्यातच पुढची पेरणी करणार म्हटल्यावर लोक हसले, पण त्या बधल्या नाहीत. आता त्यांचं अर्धं शेत काळं पडलं होतं. आग पलीकडून, दिराच्या शेतातून आली, हे आंधळ्यालाही कळलं असतं. काकूंनी दिराविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली तर ती सबब धरली जाणार नाही, अर्ज वाचेल, असं बाईंनी सुचवलं.

"हे गेल्यावर माझी मुलं त्यानं वाढवली," काकू म्हणाल्या. "त्याच्यावर बोट दाखवून मला काही नको."

मग बाई दिराकडे गेल्या. तो ओट्यावर बसला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. वारा फिरला तसा तो वहिनीच्या शेतात धावला होता, ओल्या पोत्यानं आग झोडपत. धसकटात पेरायचं यंत्र आठ गावांत एकच. त्याचा नंबर लागेपर्यंत पेरणीचे दिवस सरले असते, म्हणून त्यानं आपल्या धसकटांना काडी लावली होती.

"चूक माझी. आणा कागद, अंगठा देतो," तो म्हणाला.

अंगठा म्हणजे त्याच्यावर खटला. बाईंनी कागद पिशवीतून काढलाच नाही.

कचेरीत त्यांनी खरं ते लिहिलं: आग बाहेरून आली, यंत्र आपण पुरवलं नाही, कलम बदलायला हवं. साहेबांनी अहवाल परत केला. कलम कुणाचं आहे, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. अर्ज बाद झाला.

पत्र टपालानं धाडायचा बाईंना धीर होईना, म्हणून त्या स्वतः गेल्या. काकूंनी पत्र वाचलं, घडी घातली, त्यांना पाणी दिलं.

"पुढच्या वर्षी धसकटं ठेवू की जाळू? तुम्ही सांगाल तसं करते."

ठेवा, म्हणायला बाईंची जीभ रेटेना. त्या पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिल्या. काकूही उत्तराची वाट बघत समोर बसल्या.