शेंगांच्या टोपलीतली डबी

मी गोळ्यांची डबी बोलतेय. पांढरी, निळ्या झाकणाची. जन्म सिन्नरच्या कारखान्यातला, पण संसार झाला आफ्रिकेतल्या मलावी देशात, रुम्फीजवळच्या एका खेड्यात. पोटात एचआयव्हीच्या नव्वद गोळ्या, रोज सकाळी एक. खोड एकच. हलवलं की मी खुळखुळते, आणि तो खुळखुळाट तिकडं शेंबडं पोरही ओळखतं.

लुसुंगूनं मला चार तास चालून दवाखान्यातून आणलं, कमरेच्या कापडात गुंडाळून. नवरा मझुझू शहरात बांधकामावर, त्याला सगळं ठाऊक. भीती होती सासूची, न्यागोंड्वेची. म्हातारी कानाची तिखट! तिला कळलं तर माहेरी धाडेल, ही पोरीची धास्ती.

म्हणून तिनं मला भुईमुगाच्या टोपलीत पार खाली खुपसलं. वाळक्या शेंगाही खुळखुळतातच की! अक्कल बघा पोरीची.

तर तळातून आवाज आला, "जरा सरक की गं." बघते तर माझीच जात!

"मी म्हातारीची," ती म्हणाली. "आमच्या घराण्याला या टोपलीत आठ वर्षं झाली."

आता हसू की रडू?

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू. सून उठेल म्हणून सासू शेंगा फोडत बसली, सासू उठेल म्हणून सून.

"आई, जरा पडा ना, कंबर दुखेल."

"माझी कंबर माझ्यापाशी. तू पाण्याला जा."

"हंडा भरलाय."

"मग शेळी बघ."

"शेळीत काय बघायचंय, आई?"

ही हलेना, ती हलेना. तीन दिवस दोघींच्या गोळ्या चुकल्या. मला धडकीच भरली, कारण गोळीचा खाडा पडला की हा आजार डोकं वर काढतो. जन्मभर नको तेव्हा खुळखुळले, आता हवं तर हलवणारं कुणी नाही.

चौथ्या दिवशी शेंगाच संपल्या. टोपलीत आम्ही दोघी, उघड्या.

लुसुंगूच्या तोंडचं पाणी पळालं. "आई... आता माहेरी धाडाल?"

म्हातारीनं दोन्ही डब्या कानाशी हलवल्या. "धाडीन की! मग एवढ्या शेंगा फोडायला सोबत कुणाची आणू? ऊठ, पाणी आण."

सून पेला घेऊन आली.

"दोन आण गं, वेडे," डोळे पुसत म्हातारी म्हणाली.

आता मी रिकामी झालेय. पोटात पेरणीपुरतं बी घेऊन खिडकीत उघड्यावर उभी असते. बायांनो, आम्हाला लपवायचं तर खुशाल लपवा, पण गोळी चुकवू नका. आणि लपवण्याआधी टोपलीचा तळ एकदा चाचपून बघा.