काठी परत, माणूस परत

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, गैरसमज नको. धाक दाखवणारी काठी मी नव्हे, मी जंगल फिरवणारी काठी आहे. सुट्टीत तुम्ही पायवाटा तुडवायला येता, तशाच एका जंगलाच्या फाटकापाशी मी राहते. माझा नंबर सतरा.

वादळात पडलेल्या झाडाच्या फांदीतून सुताराने मला घडवलं. फांदी जरा वाकडी होती. त्याने तीनतीनदा रंधा मारला आणि शेवटी हात टेकले. "ही सरळ व्हायची नाही, हट्टी आहे," म्हणाला. तो हट्ट अजून माझ्या अंगात आहे. मग टोकाला लोखंडी टोपी बसली, तापल्या सळईने अंगावर आकडा उमटला आणि आम्हा चोवीस बहिणींना चौकीच्या भिंतीवर जागा मिळाली. तिथे एक लांब फळी आहे. तिला नंबर घातलेल्या चोवीस खाचा आहेत आणि प्रत्येकीची मान आपापल्या खाचेत बसते.

चौकी सांभाळतात मावशी. त्यांचा नियम साधा आहे. आत जाताना एक काठी घ्यायची, आल्यावर तिच्याच खाचेत ठेवायची. संध्याकाळी फळी भरली की फाटकाला कुलूप. एखादी खाच रिकामी दिसली, की मावशी शिट्टी आणि विजेरी घेऊन निघाल्याच! "काठी परत, माणूस परत," हे त्यांचं पालुपद.

एकदा एका कुटुंबाने 'जंगलाची आठवण' म्हणून मला गाडीत घालून घरी नेलं. इकडे बिचाऱ्या मावशींनी अंधार पडेपर्यंत रान पालथं घातलं. तिकडे मी आठ महिने चपलांच्या कपाटामागे धूळ खात पडले. पुढच्या सुट्टीत ते लोक मला घेऊन परत आले, तेव्हा मावशींनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. मला मात्र तेल चोळून पुसलं. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, माझ्यामुळे हा नियम पुन्हा मोडायचा नाही.

गेल्या सुट्टीत पोस्टातल्या बाई आल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या, ठेंगण्या. "तीस वर्षं खिडकीमागे बसून दुसऱ्यांची पत्रं गावोगाव धाडली," त्या मावशींना म्हणाल्या, "आता माझे पाय धाडणार. सात वाटा, सात दिवस. एकही सोडायची नाही."

"सातवी फार चढाची आहे हं, बाई."

"मग ती शेवटी."

हट्टी माणूस हट्टी काठीला बरोबर ओळखतं. सातही दिवस त्यांनी मलाच उचललं. तळहात सोलवटू नये म्हणून सकाळी माझ्या मानेला निळा रुमाल बांधायच्या, आणि परत आल्यावर तो सोडून, धुऊन चौकीजवळच्या विश्रामगृहाच्या दोरीवर वाळत घालायच्या. दोघी मिळून आम्ही सहा वाटा संपवल्या.

सातव्या दिवशी शिखर दोन वळणांवर आलं होतं. तेवढ्यात ओल्या दगडावरून बाईंचा पाय घसरला. घोटा मुरगळला, त्या मटकन खाली बसल्या आणि मी हातातून सुटून उतारावरून घरंगळत खालच्या वाटेवर जाऊन पडले.

तिथून विश्रामगृहातच उतरलेले एक गृहस्थ बायको-मुलीबरोबर चालले होते. फार नीटनेटका माणूस! वाटेतला कागदाचा कपटासुद्धा उचलून खिशात घालायचा. त्यांनी मला उचललं. वर बाई हाका मारत होत्या, पण शेजारी ओढा खळाळत होता, कुणाला काय ऐकू येणार?

"कुणीतरी विसरलेलं दिसतंय," गृहस्थ म्हणाले.

"अहो, चौकीत सांगा तरी," बायको म्हणाली.

"त्यात काय सांगायचं? जागच्या जागी ठेवली की झालं."

आणि त्यांनी मला माझ्या खाचेत दाबून बसवलं. झालं! फळी भरली आणि बाई मात्र डोंगरावर. माझा जीव टांगणीला लागला. ऊन उतरत होतं. मावशी हातात कुलूप घेऊन आल्या आणि एकेका काठीवर बोट टेकवत मोजू लागल्या. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती!

पण रुमालाच्या गाठीने माझी मान जाड झाली होती. मी खाचेत पुरती बसलेच नव्हते. मावशींचं बोट लागलं आणि मी खण्णकन खाली पडले. त्यांनी उचलून ठेवलं. मी पुन्हा पडले. मित्रांनो, तुम्ही याला गाठीचा गुण म्हणा, मी माझा हट्ट म्हणते.

"काय गं सतरा, आज अंगात आलंय का तुझ्या?" मावशींनी मला जवळ घेतलं आणि त्यांचा हात रुमालावर थांबला. "रुमाल सोडल्याशिवाय बाई काठी ठेवायच्या नाहीत!"

त्या मला घेऊनच विश्रामगृहाकडे धावल्या. "सतरा नंबर कुणी ठेवली?"

गृहस्थांचा चेहरा उतरला. "मी... मी चांगलंच करायला गेलो हो."

"करायला गेलात चांगलं, पण सांगायचं राहिलं ना! कुठे सापडली, ते दाखवा. चला."

सापडल्या बाई. सूर्य टेकता टेकता, झाडाला पाठ लावून बसलेल्या. ओरडून ओरडून आवाज बसलेला. मावशींच्या हातात मला पाहिलं, तशा हसल्या आणि हसता हसताच रडल्या. "पोचली म्हणायची माझी तार!" एक हात गृहस्थांच्या खांद्यावर आणि एक माझ्यावर, अशा त्या खाली उतरल्या. उतरताना मागे वळून म्हणाल्या, "दोनच वळणं राहिली हो."

मित्रांनो, जंगलात सापडलेली वस्तू गुपचूप जागेवर ठेवू नका. ती कुणाच्या हातची, ते माणूस कुठे आहे, हे आधी विचारा. रिकामी खाच वाईट दिसते खरी, पण ती खरं बोलते.

आज फळीवर माझी खाच रिकामी आहे. मावशी सारख्या तिच्याकडे बघत असतील. पण काळजी नको. पोस्टातल्या बाई परत आल्या आहेत, मानेला निळा रुमाल आहे, आणि एक वळण आम्ही आत्ताच मागे टाकलं.