ॲसिड कुठं गेलं?

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. शिरूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या दगडोबांच्या जीपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या पोटात सहा कप्पे आहेत. प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं ॲसिड. त्यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होते, तेव्हा माझ्यातून वीज वाहते. किल्ली फिरवताच इंजिन सुरू, असा माझा लौकिक होता.

अठ्ठ्याण्णव सालाच्या तोंडावर दुरुस्तीसाठी जीप दोन महिने उभी राहिली. मी हळूहळू उतरत गेले; कुणी विचारलं नाही. फेब्रुवारीत दगडोबांनी किल्ली फिरवली, तर माझ्यात नुसती टिकटिक उरलेली.

शुक्रवारी त्यांच्या लेकीची, अनिताची बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल शिरूरला होती, आणि सकाळची एसटी तेवढ्या लवकर पोचत नसे. मंगळवारी बापलेकींनी मला कारेगावात रंगुबाईंच्या बॅटरी-दुरुस्तीच्या दुकानी आणलं. सणसवाडीच्या कारखान्यात बॅटऱ्या चार्ज करता करता त्या हे काम शिकल्या होत्या.

"नवं ॲसिड वता आन् सांजच्याला द्या," दगडोबा बिडी काढत म्हणाले.

"मामा, बिडी भाईर. चार्जिंगला ग्यास निघतो, भडका उडंल."

रंगुबाईंनी काचेची नळी लावून एकेका कप्प्यातलं पाणी ओढलं. पाण्यात ॲसिड जितकं जास्त, तितका नळीतला तरंगा वर तरंगतो; तो पार खाली बसला.

"ॲसिड सांडलेलं न्हाई. पट्ट्यांवर जाऊन बसलंय, पांढरा थर धरलाय. वरून आणखी वतलं तर पट्ट्या खराब व्हतील. बारीक करंट दिला तर हेच ॲसिड पाण्यात परत येईल. गुरवारपातूर लागंल."

"दुसरीकडं तासात करून देत्यात."

"मग तिकडं न्या. मी घाई करणार न्हाई."

दगडोबांनी मला उचललं. अनितानं दुसरी बाजू धरली.

"आप्पा, ठेवा खाली. पांढरा थर म्हंजी लेड सल्फेट. ताई बरोबर बोलत्यात."

दगडोबांनी मला खाली ठेवलं. अनिता रोज कॉलेज सुटल्यावर यायची. रंगुबाई नळी तिच्या हाती द्यायच्या. बुधवारी तरंगा थोडा उचलला. गुरुवारी वर आला. माझ्या अंगात पुन्हा बळ आल्याचं मला आधीच कळलं होतं.

शुक्रवारी पहिल्याच किल्लीला मी इंजिन फिरवलं. दुपारी परतताना अनिता वडिलांना सांगत होती. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, बॅटरी उतरली की ॲसिड कुठं जातं? तिनं सगळं सांगितलं. कोणत्या पुस्तकात वाचलंस, असं त्यांनी पुढं विचारलं.

"मग काय सांगितलंस?" दगडोबांनी विचारलं.

"रंगुबाईंच्या दुकानात पायलं, असं."

दगडोबांनी जीप घराकडे वळवली नाही. थेट दुकानापुढे थांबवली आणि स्वतः उतरून म्हणाले, "ताई, पोरीची परीक्षा चांगली गेली. तुम्हाला सांगाया आलो."

पुढं तीन वर्षं मी जोरात चालले. आता माझ्या पट्ट्या झिजल्या आहेत; उद्या मी भट्टीत जाईन, माझं शिसं वितळेल आणि त्याच्या नव्या पट्ट्या होतील. मित्रांनो, तुमच्या घरची बॅटरी उतरलेली ठेवू नका. पाणी कमी झालं तर डिस्टिल्डच घाला. आणि ती संपली की ओढ्यात टाकू नका, जाणत्या माणसाच्या हाती द्या. आमचं शिसं अजून पुष्कळ गाड्या सुरू करणार आहे.