डावीकडचं पॅडल

मेकॅनिक कैसचे दोन पाय तेवढे गाडीबाहेर होते, आणि जनीबाय त्या पायांशी बोलत होती.

“चांगल्या गाडीला कान कशाला रं लावतोस? ऐकू येत न्हाय काय तिला?”

कैस आत हसला आणि त्याचे पाय हलले. स्टेअरिंगखाली आडवा पडून तो मागचे बारीक स्क्रू सोडवत होता.

“कान नाय आजी, पॅडल. गिअर टाकायचं. उजवीकडचं ओढलं की गिअर वर, डावीकडचं ओढलं की खाली. स्टेअरिंगवरचा हात काढायलाच नको.”

“आणि मधी तो दांडा हाय, तो काय देवाला वाहिलाय?”

“दांडा पण चालतो. पण रेसच्या गाडीला असंच असतं. कंपनीचं पॅडल लय आखूड हाय. हे अमिषानं मागवलेलं बघा, कसं लांब हाय.”

त्यानं एक हात बाहेर काढून काळी, चकचकीत धातूची पट्टी नाचवली. जनीबायला ती उलथण्यासारखी दिसली. तसं ती बोललीही.

ट्रेलरच्या शेडमध्ये, दोन उंच ट्रेलरच्या मधल्या जागेत ती लाल गाडी उभी होती. दोन दारांची, जमिनीला टेकलेली. गेल्या दिवाळीत तिच्या लेकानं, सदानं, मुंबईच्या कुणाकडून ती जुनी घेतली आणि समुद्रावरच्या सेतूवरून चालवत उरणला आणली, तेव्हा सगळी आळी बघायला लोटली होती. जनीबाय ओट्यावरून उठली नव्हती. “ही गाडी न्हाय, चप्पल हाय,” एवढंच ती म्हणाली होती. पंचेचाळिशीच्या माणसानं पोराटोरांची गाडी घ्यावी, याचा तिला राग होता. त्या रागाच्या पोटात आणखी काही होतं, पण तिकडं ती जात नसे. आजवर ती त्या गाडीत बसली नव्हती.

आज घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. सून कल्पिता भाच्याच्या हळदीला नागावला गेली होती. नात अमिषा पनवेलला, कॉलेजच्या पेपराला. जाताना आजीचे गाल ओढून सांगून गेली होती, पप्पा सहाला येतील, तोवर कैसला काम पुरं करू दे, आणि पप्पांना फोन करायचा न्हाय. बापाच्या वाढदिवसासाठी पोरीनं दोन महिने वाट बघून ते पॅडल परदेशातून मागवलं होतं. का, तेही सांगितलं होतं. “पप्पा गाडी नुसती ऑटोमॅटिकवर टाकून बसतात गो आजी. ते गाडीला चालवत न्हाईत, गाडी त्यांना चालवते. मला बघवत न्हाय.”

उजवीकडचं पॅडल बसलं. कैसनं ते दोन-चारदा ओढून पाहिलं, टक टक आवाज आला, आणि तो समाधानानं बाहेर येऊन उकिडवा बसला. डावीकडची पट्टी त्यानं मांडीवर ठेवली. खिशातून फोन काढला, कानाला लावला, परत ठेवला.

“अमिषाचा फोन बंद लागतो.”

“पेपर हाय तिचा. पाचपर्यंत बंदच.”

“मला साडेचारला पनवेलला पोचायचंय.” त्यानं पट्टी उलटीसुलटी केली. “तिला एक विचारायचं राहिलं. हे पॅडल वर पण लांब हाय, खाली पण लांब हाय. दोन्हीकडं असंच ठेवलं तर मागच्या इंडिकेटरच्या दांडीला घासतं. एक बाजू कापायला लागणार. आता कोणती ठेवायची नि कोणती कापायची, ते हातावर हाय. आजी, सदाशेठच्या डाव्या हाताची कोणती बोटं गेली?”

जनीबायनं पदर सारखा केला.

“का?”

“वरची बोटं असली तर वरची बाजू ठेवायची. खालची असली तर खालची. दोनच गेलीत ना? ते हात नेहमी खिशात ठेवतात, मी कधी बघितलंच नाय.”

“दोन,” ती म्हणाली. तेवढं तिला पक्कं माहीत होतं.

एकवीस वर्षं झाली होती. सदाला त्या दिवशी कोल्हापूरला जायचं होतं. तिथं रेसिंगच्या गाड्यांची ट्रायल होती, दहा पोरं निवडणार होते, आणि हा आदल्या दिवसापासून बॅग भरून बसला होता. पहाटे ड्रायव्हर आला नाही. ट्रेलर बंदरात लागायचा होता. जनीबाय दारात उभी राहिली आणि म्हणाली, “गाडीच चालवायचीय ना तुला? मग ट्रेलर चालव.” सदा बॅग खाटेखाली सरकवून चावी घेऊन गेला. दुपारी यार्डात कंटेनर ट्रेलरवर उतरताना कोपऱ्याच्या लॉकमध्ये त्याचा हात अडकला.

दवाखान्यात ती गेली, तेव्हा हाताला मनगटाच्या वरपर्यंत पांढरं बांधलेलं होतं. आजूबाजूला आळीतली माणसं होती. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. आजवर कुणापुढं डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ते तिथंही काढायचं नव्हतं. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, “डावाच तर हाय. उजवा शाबूत हाय, खायला-लिहायला बास.”

सदा जन्माचा डावखुरा. डाव्या हातानं घास घेतला, डाव्या हातानं प्रसाद घ्यायला गेला, की ती हातावर फटका द्यायची. शाळेत जाईपर्यंत तिनं त्याला उजवा करून सोडला होता. त्या दिवशी दवाखान्यात त्यानं मान वळवली, आणि पट्टी सुटल्यावर तो हात आईपुढं आणला नाही. जेवताना मांडीवर, चालताना खिशात, देवापुढं शर्टाच्या आड. तिनंही बघायला मागितला नाही. बघितला असता तर बोलावं लागलं असतं.

“वहिनींना लावू का फोन?” कैसनं विचारलं.

“तिला कशाला?” जनीबाय एकदम कडाडली. “नऊ म्हैने पोटात मी वागवला का तिनं?”

“तसं नाय ओ आजी. एकदा कापलं की जोडता येणार नाय, म्हणून म्हटलं.”

“मेल्या, माझ्या पोराचा हात मला ठाव नसंल?”

जनीबायनं आपला डावा हात समोर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांपुढं एक हात येत होता, पण तो चार वर्षांच्या पोराचा होता, पाटीवरच्या खडूनं पांढरा झालेला, पाचही बोटं जिथल्या तिथं. त्यापुढचा हात काही केल्या दिसेना. मग नुसताच खिसा दिसला.

तिनं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलं.

“ही दोन.”

कैसनं आपल्या हाताची तशीच बोटं मिटून जुनं पॅडल धरून पाहिलं. भुवया आवळल्या. “मग वरची दोन हायत. ती तर कंपनीच्या पॅडलला पण पोचतात. अमिषा तर म्हणत होती, पोचतच नाय...”

“तू हात बघितलास का मी?”

“तुम्ही.”

“मग काप.”

त्यानं पट्टी पकडीत धरली आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. खालचा तुकडा फरशीवर पडला. जनीबाय त्या आवाजातही ताठ बसून होती. कापलेली कड त्यानं कानशीनं गुळगुळीत केली, स्पिरिट लावून जागा पुसली, चिकटपट्टी दाबून धरली, बारीक स्क्रू पिळले. “आता हत्ती आला तरी निघायचं नाय,” असं म्हणून हत्यारं गोळा केली आणि चहा न घेताच मोटरसायकलवर निघून गेला.

सदा सहाला आला. फाटकातून आत येताच त्याला गाडीवरचं कापड काढलेलं दिसलं, आणि तो तिथंच थांबला. मग भराभर चालत गाडीपाशी गेला.

“हे कुणी केलं?”

“तुझ्या लेकीनं. परदेशातून आणवलंय. कैस बसवून गेला.”

तो वाकून बघत होता. केस पांढरे झाले होते, पण चेहऱ्यावर असं काही आलं, जे जनीबायनं त्या बॅग भरलेल्या रात्रीनंतर बघितलं नव्हतं. तो आत बसला. आई शेजारी उभी आहे, हे विसरला असावा. त्यानं खिशातून डावा हात काढला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

जनीबायनं बघितलं.

अंगठा होता. त्यानंतरची दोन नव्हती. तिथं कातडी गुळगुळीत, चमकती. खालची दोन होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं, आणि ती दोन बोटं स्टेअरिंगमागं पॅडल शोधत होती. नेमकं जिथं कापलं होतं, तिथं. त्यानं पंजा वर सरकवून पाहिला. मग अंगठ्याची पकड सुटली. पुन्हा खाली आणला. बोटं रिकाम्या जागेत हलली. त्यानं वाकून पॅडलची कापलेली कड पाहिली, फरशीवरचा तुकडा पाहिला, आणि मग मान वर करून आईकडं बघितलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं तो मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

“पप्पा! बघितलं का? बसलं का? पोचतंय का?”

सदानं कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“पोचतंय गो बाय. एकदम मापाचं हाय.”

“खरं? मला आता आठवलं, बोटांचं कैसला सांगायचंच राहिलं. त्याला कसं कळलं मग?”

“आजीनं सांगितलं.”

“आजीला ठाव होतं?”

“आजीला ठाव नसंल?” सदा म्हणाला.

त्यात टोमणा असता तर जनीबायला सोसला असता. टोमण्याला टोमणा तिच्या जिभेवर तयार असे. पण त्याचा आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. फोन ठेवून त्यानं पलीकडचं दार आतून उघडलं.

“बस, आये. करंज्याच्या जेट्टीपर्यंत चक्कर मारून येऊ.”

तिनं काठी मागं टाकली आणि कसंबसं अंग आत घातलं. सीट इतकी खाली की रस्ता मांडीशी आल्यासारखा वाटत होता. गाडी फाटकाबाहेर पडली. सदानं काहीतरी दाबलं आणि उजव्या हाताचं पॅडल ओढलं. टक. गाडीनं पुढं झेप घेतली. पुन्हा टक. जनीबायनं दार घट्ट धरलं, पण नजर डावीकडच्या पॅडलवर होती. ते तिच्याच बाजूला होतं, हातभर अंतरावर.

पहिल्या वळणाला त्यानं उजवा हात सोडला, स्टेअरिंगवरून आडवा नेला आणि डावं पॅडल ओढलं. तेवढा वेळ गाडी त्या दोन बोटांच्या आणि अंगठ्याच्या भरवशावर होती. गतिरोधकाला परत तसंच. तो रस्त्याकडं बघून बारीक हसत होता, जणू असंच चालवायचं असतं.

“कैस गाढव हाय,” जनीबाय म्हणाली. “मी सांगितलं एक, त्यानं कापलं भलतंच.”

“व्हय. गाढवच हाय तो.”

मिठागरं गेली. रिकाम्या वाफ्यांत संध्याकाळचा उजेड साचला होता. समोरून एक ट्रेलर धडधडत गेला, त्याच्या वाऱ्यानं छोटी गाडी हलली. सदानं परत उजवा हात आडवा नेला.

“न्हाय,” जनीबाय म्हणाली.

“काय न्हाय?”

“तो गाढव न्हाय. मीच तसं सांगितलं.” तिनं घट्ट धरलेलं दार सोडलं. “मी तुझा हात बघितलाच नव्हता, सदा.”

सदाचं हसू मावळलं. तो नुसता गाडी चालवत राहिला, आणि हात मात्र त्यानं खिशात नेला नाही.

पुढं वस्ती लागणार होती, गिअर खाली घ्यावा लागणार होता. जनीबायनं बांगड्या मागं सारल्या, उजवा हात पुढं केला आणि दोन बोटं स्टेअरिंगमागच्या डाव्या पॅडलवर ठेवली. धातू गार होता. त्याची करंगळी तिच्या मनगटाला लागत होती.

“कवा वढायचं?”

“मी सांगतो. त्याच्या आधी न्हाय वढायचं.”

“बरं.”

सदानं समोर बघितलं, मग एकदा तिच्या हाताकडं बघितलं, आणि पुन्हा समोर. उजवा हात त्यानं उजवीकडंच राहू दिला. बोटं तिथंच ठेवून जनीबाय त्याच्या सांगण्याची वाट बघत बसून राहिली.