मोरिताचं कोपर

सातपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो जपानचा बेसबॉल विजेता. दोन्ही संघांचे तीन-तीन जिंकून झाले होते. योकोहामात सातवा सामना रंगला होता आणि मिनातो संघ एका धावेनं पुढे होता. आता फक्त नववी, शेवटची इनिंग, म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी, उरली होती.

पुण्याची कादंबरी मिनातोच्या खेळाडूंच्या हालचालींचा अभ्यास करायची. बेंचच्या मागच्या खोलीत पडद्यावर ती मिनातोकडून चेंडू टाकणाऱ्या पिचर मोरिताचे चेंडू पाहत होती. बाहेर ढोल दणाणत होते. मोरिताचं कोपर दर चेंडूगणिक खाली येत होतं. वेग टिकवायला तो खांद्याला हिसका देत होता.

ती तडक बेंचवर गेली. मोरिता डाव्या हातानं पाणी पीत होता. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला.

"ओनोदेरा-सान, मोरिताला थांबवा," ती मॅनेजरना म्हणाली.

ओनोदेरांनी मान वळवली नाही. संघाच्या मागच्या अंतिम मालिकेतही तेच मॅनेजर होते. तेव्हाही सातवा सामना, तेव्हाही आघाडी. जम बसलेला पिचर त्यांनी शेवटी बदलला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. टीव्हीवर अजून दर मोसमात तो क्षण दाखवत.

"दुखतंय असं तो म्हणाला?"

"नाही. आणि म्हणणारही नाही."

"तुमचा अंदाज चुकला तर?"

"तर मी चुकले. पण बरोबर असले, तर हा मुलगा पुन्हा कधी चेंडू टाकणार नाही."

ओनोदेरा उठले. त्यांनी मोरिताच्या उजव्या हातात चेंडू दिला. "घट्ट धर."

त्यानं धरला. ओनोदेरांनी दोन बोटांनी ओढला. चेंडू अलगद सुटून आला.

"एकच इनिंग," मोरिता कसाबसा म्हणाला. "फक्त एक."

"बस खाली."

नवा पिचर मैदानात उतरला तसा स्टेडियमभर हलकल्लोळ झाला. कोणीतरी ओनोदेरांचं नाव घेऊन ओरडलं. दुसऱ्याच चेंडूवर जोराचा फटका बसला. पाठोपाठ आणखी एक. बघता बघता समोरच्या संघाचे दोन खेळाडू धावत होम बेसवर पोचले, दोन धावा झाल्या आणि आघाडी गेली. मग फलंदाजीच्या शेवटच्या पाळीत मिनातोला काहीच जमलं नाही. समोरचा संघ मैदानावर एकमेकांच्या अंगावर पडून रडत होता. इकडे मोरिता टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता.

पत्रकारांनी ओनोदेरांना घेरलं. पुन्हा तीच चूक का केलीत? दाराशी उभी असलेली कादंबरी पुढे सरसावली. ओनोदेरांनी तिच्याकडे पाहून नकारार्थी जेमतेम मान हलवली. ती थबकली.

"निर्णय माझा होता," ते म्हणाले. "एवढंच."

दुसऱ्या दिवशी तपासणीत निघालं, की कोपराची हाडं जोडणारा बंध थोडा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं टाकलं असतं तर पार तुटला असता. आता विश्रांती पुरेल, शस्त्रक्रिया नको.

दुपारी मोरिता हात गळ्यात अडकवून तिच्या खोलीच्या दारात आला.

"मला अजून तुमचा राग येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे," कादंबरी म्हणाली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बस. कुठल्या बोटापर्यंत दुखतंय, ते आधी सांग."